उपाशी ठेवायच्या कुंड्या

चोवीस कुंड्यांपैकी बारा उपाशी ठेवायच्या, एवढंच मला करायचं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका जानेवारीतली ही गोष्ट. मी घाटकोपरला राहत होते आणि उपनगरातल्याच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करत होते, परीक्षा देऊन नव्हे तर प्रबंध लिहून. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून राहणारे जिवाणू पिकाला दुष्काळात कसे तगवतात, हा माझा विषय. तो मी निवडला नव्हता. आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांनी, यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं, मी मान हलवली, आणि पुढचे पाच महिने माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला तो अजून पुरता निवळलेला नाही.

सुरुवात वाचनालयातच झाली. एका पुस्तकात लिहिलं होतं की हे जिवाणू हवेतला नत्र घेऊन झाडाला देतात, झाड पोसलं जातं, मुळं खोल जातात आणि मग पाणी कमी पडलं तरी ते तग धरतं. दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं की पाणी कमी पडलं की झाडाच्या आधी गाठीच सुकायला लागतात आणि जिवाणू काम थांबवतात. म्हणजे संकटात जो पहिल्यांदा हातपाय गाळतो तोच संकटात उपयोगी पडतो, असं काहीतरी. मी दोन्ही पुस्तकं मॅडमपुढे नेऊन ठेवली.

"दोन्ही बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "काही जिवाणू लवकर थांबतात, काही उशिरापर्यंत काम करत राहतात. का, ते कुणाला नीट माहीत नाही. माहीत असतं तर तुला कुंड्या कशाला भरायला लावल्या असत्या?"

घरी बाबांना समजावणं त्याहून कठीण गेलं. बाबांची गिरणी बंद पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई सकाळी चेंबूरच्या एका शाळेत मदतनीस म्हणून जायची, मी कॉलेजला, आणि बाबा घरात एकटे. सकाळी पेपर दोनदा वाचून झाला की ते गॅलरीतल्या तुळशीच्या डब्याशी काहीतरी खुडबुड करत बसायचे. ही तुळस त्यांनी आमच्या गावच्या मातीत लावली होती. आदल्या गणपतीत गावाला गेले तेव्हा कुळथाच्या शेतातली माती पिशवीत भरून आणली होती. मुंबईच्या मातीत तुळस धरत नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

"ते जिवाणू पाणी आणतत?" त्यांनी विचारलं.

"नाही. नत्र देतात. हवेतला."

"मगे दुष्काळात तेंचो उपयोग काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मलाही ते ठाऊक नाही. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि चेंबूरच्या दिशेला दिसणाऱ्या खतकारखान्याच्या चिमण्या दाखवल्या. तिथे खत तयार करायला हवेतूनच नत्र घेतात, त्याला एवढाले कारखाने लागतात, आणि तेच काम हे जिवाणू मुळाला चिकटून, आवाज न करता करतात, असं सांगितलं. बाबांनी चिमण्या बघितल्या. मग ते म्हणाले की आमचा कुळीथ भात कापल्यावर पेरतात, त्याला कोण पाणी देत नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर तो होतो, आणि शेतात एकही चिमणी नाही. मला वाटलं, त्यांना काहीच समजलं नाही. आज वाटतं, त्या दिवशी गच्चीवर विषय समजलेले तेच एकटे होते.

प्रयोग असा होता. पीक चवळी. माती कॉलेजच्या मोठ्या कुकरमध्ये तीनदा वाफवून घ्यायची, म्हणजे तिच्यातला प्रत्येक जीव मरतो. ती पोत्यात भरून मी बसने घाटकोपरला आणली. कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, "शिजवलेली माती." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला प्रवास खिडकीबाहेर तोंड करून केला. कॉलेजच्या गच्चीवर दुरुस्ती चालू होती, म्हणून कुंड्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवायची परवानगी मॅडमनी दिली होती, आणि दिवसा लक्ष ठेवायला बाबा होते. कावळे, वाळवणं घालायला येणाऱ्या बायका, देवनारहून घिरट्या घालत येणाऱ्या घारी, या सगळ्यांपासून चवळी राखायची. बाबा एका शब्दाने तयार झाले. दुसऱ्याच दिवशी टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, गिरणीत जायच्या वेळेला ते गच्चीवर गेले.

पेरणीच्या दिवशी मी त्यांच्यासमोरच बियाणं तयार केलं. जिवाणू कोळशाच्या बारीक पुडीत मिसळून पाकिटात येतात. गुळाचं पाणी करायचं, त्यात ही काळी पूड कालवायची आणि बियांना चोळायची. गुळाने ती बीला धरून राहते. अशा काळ्या बिया बारा कुंड्यांत. उरलेल्या बारा कुंड्यांत नुसत्या धुतलेल्या बिया. या बारांना जिवाणू मिळता कामा नयेत, तरच फरक दिसणार.

बाबा बाजूला उभे राहून बघत होते. "ह्या बारांक गूळ नाय?"

"नाही."

"कित्या?"

"कारण त्यांना द्यायचं नाही. तोच तर प्रयोग आहे."

इथे मला बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गिरणीत ते काय करत होते हे आमच्या वसाहतीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण त्यांना सगळे ओळखायचे ते वाढपी म्हणून. आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाची पूजा असो, कुणाचं लग्न असो, पंगतीत वाढायला बाबा हवेतच. धोतर आवरून, बालदी डाव्या हातात घेऊन ते एका टोकापासून निघाले की दुसऱ्या टोकापर्यंत कुणालाही चुकवत नसत. कुणाचा मान मोठा, कुणाचा छोटा, हे त्यांच्या हाताला कळत नसे. एका पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे पंक्तिप्रपंच, आणि त्याहून मोठं पाप त्यांच्या लेखी नव्हतं. आमच्या घरी पाहुण्याला पापड दिला की सगळ्यांना मिळायचा, नाहीतर पाहुण्यालाही नाही. हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. तरीही मी त्यांच्या डोळ्यांसमोर एका ओळीतल्या बारांना गूळ लावला आणि बारांना नाही, आणि खाली जेवायला निघून गेले.

रोपं उगवली. चौथ्या आठवड्यात उपाशी बारा पिवळी पडायला हवी होती, कारण मुद्दाम निकस निवडलेल्या त्या मातीत नत्र जवळपास नव्हताच. ती पिवळी पडली नाहीत. मी रोज सकाळी पानं उलटसुलट करून बघायची आणि कॉलेजला जाऊन मॅडमना सांगायची, "अजून हिरवीच आहेत." मॅडम म्हणायच्या, "थांब, बियांतला साठा संपू दे." मी थांबले. मग ठरल्याप्रमाणे सगळ्या चोवीस कुंड्यांचं पाणी तोडलं. दव पडू नये म्हणून संध्याकाळी बांबूंवर प्लास्टिक ओढायचं. रोज प्रत्येक कुंडीचं वजन करायचं, म्हणजे माती किती सुकली ते कळतं. काटा बाबांनी वाण्याकडून मागून आणला होता. ते वजन मोठ्याने सांगायचे, मी लिहायची.

आठव्या दिवशी जे व्हायला लागलं ते बघून मी भांबावलेच. काळ्या बियांची, पोसलेली बारा रोपं माना टाकू लागली. आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती बारा ताठ उभी होती. दहाव्या दिवशी तर गच्चीवर पापड घालायला आलेल्या शेजारणीने न विचारता सांगितलं, "तुझ्या त्या डावीकडच्यांची वाट लागलीय, पण ही उजवीकडची झकास आहेत हं." उजवीकडची म्हणजे उपाशी.

मी पहिल्यांदा वहीवर संशय घेतला. मग कुंड्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. मग कुकरवर, मग बियांवर, मग मॅडमवर. शेवटी, अर्थातच, बाबांवर. यांना दया आली असणार, यांनी पाणी घातलं असणार.

"बाबा, खरं सांगा. उजवीकडच्यांना पाणी घातलं?"

"मी कित्या घालीन?"

"मग कुणी घातलं?"

"पाणी कोणी घालूक नाय. मी हयसरच बसान होतंय." मग ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "दुष्काळ सगळ्यांक सारखो. तेचा माका काय नाय. पाणी कित्या घालीन मी?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचे कितीतरी दिवस वाचले असते. पण मी रागात होते आणि रागात मी फक्त माझंच ऐकते. वजनांच्या नोंदी बघितल्या तर त्याही सरळ होत्या, सगळ्या कुंड्या सारख्याच सुकल्या होत्या. म्हणजे पाणी कुणी घातलं नव्हतं. मग ती रोपं जगत कशावर होती?

मॅडमनी सगळी उपटून आणायला सांगितली. मुळं धुतली. उपाशी बारांच्या मुळांवर गाठी होत्या. जिथे एकही असायला नको तिथे चांगल्या टपोऱ्या गाठी. मॅडमनी ब्लेडने एक कापली. आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे जिवाणू जिवंत आहेत आणि काम करताहेत. मग काळ्या बियांच्या रोपांची गाठ कापली. ती आतून हिरवट पडली होती, म्हणजे काम थांबलेलं.

"हे जिवाणू आले कुठून?" मॅडमनी विचारलं.

मला रडू येत होतं आणि हसूही. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"माहीत नाही हे प्रबंधात लिहिता येत नाही. ही फेरी गेली." त्यांनी कॅलेंडर बघितलं. "मार्चच्या मध्यावर पेरलंस तर मेच्या सुरुवातीला उपटशील. एकच फेरी बसते. त्यातही असं झालं तर मी सही करू शकणार नाही."

एकच फेरी, कारण जूनपासून मला अंधेरीच्या एका औषध कंपनीत नोकरी लागणार होती. घरची परिस्थिती बघता ती मी सोडणं शक्य नव्हतं आणि नोकरी धरून गच्चीवर कुंड्या राखणंही शक्य नव्हतं. पदवी त्या फेरीत मिळाली तर मिळाली. घरी मी हे सगळ्यांना एकदाच सांगितलं आणि मग कुणाशी दोन दिवस धड बोलले नाही. बाबांशी तर मुळीच नाही. ते निर्दोष आहेत हे वजनांनी सिद्ध केलं होतं, आणि त्याचाही मला रागच आला होता.

त्याच आठवड्यात मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. दुपारी वसाहतीच्या मैदानात मांडव घालून पंगत बसली. वडे, भात, काळ्या वाटाण्यांची उसळ. मी शेवटच्या ओळीत बसले होते, तोंड पाडून. बाबा उसळ वाढत येत होते. आमच्या ओळीच्या मध्यावर बालदी खरवडली गेली. पुढे आम्ही नऊ-दहा जण उरलो होतो. कुणीतरी म्हणालं, "राहू दे रे, चालेल." बाबांनी बालदी खाली ठेवली, पडद्यामागे गेले आणि थोड्या वेळाने एका परातीत गूळ आणि किसलेलं खोबरं घेऊन आले. पुन्हा तिथूनच, जिथे उसळ संपली होती तिथून, एकेकाच्या पानावर चिमूट चिमूट वाढत ते पुढे सरकले.

माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "उसळीच्या जागी गूळखोबरं?"

"ज्येका एक गावला नाय तेका दुसरा कायतरी व्हया," बाबा म्हणाले. "पान रिकामा ठेवूचा नाय."

मग त्यांनी माझ्या पानावर चिमूटभर वाढलं आणि माझा हात वड्यावरच थांबला. तीन बोटांची ती चिमूट मी पाहत राहिले.

पंगत उठेपर्यंत मी कशीबशी बसले. मग बालदी धुणाऱ्या बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुम्ही त्या बारा कुंड्यांना काय वाढलंत?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "माती. तुळशीतली. चिमूट चिमूट एकेकाक."

"कधी?"

"तू पेरून जेवूक गेलंस तेव्हा."

"आणि मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

आता मात्र ते सरळ झाले. "तू पाण्याचा इचारलंस. मातीचा खय इचारलंस?"

खरं होतं. मी दहा वेळा विचारलं होतं आणि दहाही वेळा पाण्याचंच. मला संताप आला, आणि संताप कुणावर काढायचा ते कळेना, कारण समोरचा माणूस हात ओले ठेवून, अगदी सरळ चेहऱ्याने उभा होता. मी त्यांना मांडवाच्या मागे, सगळ्यांच्या देखत, बोलले. तुमच्यामुळे माझं वर्ष गेलं असतं, तुम्हाला काही कळत नाही तर हात कशाला लावता, असं बरंच. ते ऐकून घेत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "एकाच पंगतीत बारांक वाढलंस नि बारांक नाय. माका बघवूक नाय." आणि बालदी उचलून पुढच्या पंगतीला गेले. वाढप्याला थांबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी पेनाचं टोपण काढून वही पुढे ओढली.

"कुळथाच्या शेतातली माती म्हणालीस?"

"हो."

"पाण्याशिवाय पीक येतं तिथलं?"

"दवावर येतं म्हणतात."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही पुरतं समजले आहे असं म्हणणार नाही. अशा जमिनीत वर्षानुवर्षं तेच जिवाणू टिकतात ज्यांना कोरडेपण सोसतं. काही जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ करतात, त्यात ओल धरून राहते. काही गाठीत उशिरापर्यंत काम करत राहतात, म्हणून पानाला नत्र मिळत राहतो आणि रोप लवकर हार मानत नाही. पाकिटातले जिवाणू चांगलेच होते, पण कुठल्यातरी ओल्या, पोसलेल्या जमिनीतून आलेले. "असं असू शकेल," त्या म्हणाल्या. "किंवा दुसरंच काही असेल. पेरून बघ."

त्यांनी नव्याने मांडणी केली. आठ कुंड्यांत पाकिटातले जिवाणू. आठांत तुळशीच्या डब्यातली गावची माती. आणि आठांत गावचीच माती, पण कुकरमध्ये शिजवलेली, म्हणजे तिच्यातलं बाकी सगळं पोचेल, फक्त जिवाणू मेलेले असतील. "वडिलांना सांग," मॅडम हसत म्हणाल्या, "या वेळी कुणाचंच पान रिकामं नाही."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. मला हुशारी वाटली होती त्यात. बाबांनी त्या शिजवलेल्या मातीची पिशवी हातात घेतली, चिमूटभर बाहेर काढून बोटांवर चोळली, वास घेतला आणि परत टाकली.

"ही मेलेली," ते म्हणाले. "मेलेला वाढून पान भरणा नाय."

"मग तुम्ही गच्चीवर येऊ नका," मी म्हटलं. "मी दुसरं कुणीतरी बघते."

दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी गॅलरीत जाऊन तुळशीला तांब्याभर पाणी घातलं. मग म्हणाले, "येतंय मी. गावदेवाची शपथ, हात लावूचंय नाय." आणि त्या पाच-सहा आठवड्यांत त्यांनी खरंच हात लावला नाही. रोज टोपी घालून जायचे, काटा धरायचे, वजन सांगायचे. त्या आठ कुंड्या पिवळ्या पडू लागल्या तेव्हा त्यांचं वजन सांगताना आवाज जरा खाली जायचा, एवढंच. मला वाटलं, चला, शेवटी यांना शास्त्र समजलं.

संध्याकाळी मी उशिरा घरी यायची आणि ताटाशेजारी वही उघडी ठेवून जेवायची. बाबा पानावर नसायचे. विचारलं की आई म्हणायची, "मंडळात खाऊन आलेत," आणि मी पुढचा घास घ्यायची. मंडळात रोज कसलं जेवण असतं, हा प्रश्न मला पडला नाही. सहा आठवडे पडला नाही. मुळांच्या गाठी मोजणाऱ्या माणसाला घरातलं ताट मोजता येत नाही, हे मी पुढे बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं, पण सुरुवात माझ्यापासून झाली.

एप्रिलच्या उन्हात पाणी तोडलं. शिजवलेल्या मातीची आठ रोपं आधीच खुरटली होती, ती पाच दिवसांत गेली. पाकिटातली त्यानंतर. गावच्या मातीतली सगळ्यात शेवटी. फरक पहिल्या वेळेइतका डोळ्यांत भरणारा नव्हता, दोन-तीन दिवसांचाच, आणि का कोण जाणे, त्यातल्या एका कुंडीने तर सगळ्यांच्या आधी मान टाकली. तेवढ्या एका कुंडीचं मला आजवर उत्तर मिळालेलं नाही. पण आठांपैकी सात एका बाजूला होत्या आणि मॅडमनी सही केली. प्रबंध जूनच्या आत गेला, पदवी पुढच्या वर्षी मिळाली, आणि मी अंधेरीला नोकरीला लागले ती निवृत्त होईपर्यंत औषधंच तपासत राहिले. चवळीशी माझा संबंध तिथेच संपला.

मला सांगायची आहे ती मेच्या सुरुवातीची संध्याकाळ, शेवटची रोपं उपटून कॉलेजला देऊन आले ती. मी लवकर घरी आले होते. आई भात काढत होती. कुळथाची पिठी केली होती, घरभर लसणीचा वास होता. आणि बाबा पाट मांडून, ताट पुढे घेऊन, कुणी न बोलावता बसले होते. सदरा त्यांच्या खांद्यांवरून लोंबत होता. एवढे वाळले कधी हे, असं माझ्या मनात आलं, आणि मी सहज म्हटलं, "आज मंडळात नाही गेलात?"

बाबांनी ताट जरा पुढे ओढलं. उत्तर आईने दिलं.

"मंडळात कसलं आलंय. सहा आठवडे संध्याकाळचे जेवले नाहीत ते. म्हणाले, आठ जणं पानावर उपाशी बसलीत, पंगत उठल्याशिवाय वाढप्याने जेवायचं नसतं. तुला सांगू नको म्हणाले, तू पुन्हा चिडशील म्हणून." तिने पातेलं खाली ठेवलं. "आज उठली त्यांची पंगत."

मला तेव्हा काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हा अडाणीपणा आहे असं वाटलं, आणि आठ कुंड्यांसाठी कुणी असं करतं का असंही, आणि मांडवामागे मी जे जे बोलले होते ते सगळं शब्दाशब्दाने आठवलं. लाज वाटली. राग तर आलाच, कारण मला न सांगता त्यांनी परत माझ्या प्रयोगात भाग घेतला होता, आणि या वेळी मला वहीत काही खोडायलाही जागा ठेवली नव्हती.

मी आईच्या हातातली पळी घेतली. बाबांच्या भातावर पिठी वाढली. त्यांनी कालवून पहिला घास घेतला, मग दुसरा, मान वर न करता. मी आणखी भात वाढला, आणखी पिठी. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि "बस गो" म्हणाले. मी त्यांचा हात बाजूला केला आणि आणखी एक पळी वाढली.